कार्तिकातला नाद

निवृत्तीबुवा : कार्तिकात ह्या मठात जो जो बसे, त्याले नाद आयकू ये. आता माघ लागला, अन् एकालेबी येत नाही.

डॉक्टर : सगळ्यांना येत होता?

निवृत्तीबुवा : एक जन सोडून.

डॉक्टर : तो कोण?

निवृत्तीबुवा : ते मंग सांगतो. तुमी आधी मनकर्णाचं सांगा. नाडी पाह्यली ना?

डॉक्टर : पाहिली. मंद आहे. जीभ कोरडी, डोळे खोल गेलेले. ताप नाही, छाती स्वच्छ. प्लीहा थोडी वाढलेली आहे, पण सातपुड्याच्या या पायथ्याला ती कोणाची वाढलेली नाही? आजार म्हणावा असे तिला काहीही झालेले नाही. ती जेवत नाही, आणि आणखी काही दिवस जेवली नाही तर मरेल. एवढे सांगायला नागपूरला जाऊन वैद्यकी शिकायची गरज नव्हती.

निवृत्तीबुवा : तिच्या मालकानं, किसनरावनं, काल गाडीत घालून आनलं तिले. म्हने, बुवा, तुमच्या मठानं लावलं, तुमीच सोडवा. म्हनून तुमाले निरोप धाडला. नादाची गोष्ट अन् मनकर्णाची गोष्ट, दोन नाहीत साहेब. नाद गेला म्हनून ती जेवत नाही. तिच्या मनानं घेतलं का तिच्या हातून पाप घडलं, अन् ते उपासानं जळाल्याबिगर नाद परत येनार नाही.

डॉक्टर : तुम्ही तिचे गुरू. जेव म्हणून आज्ञा करा.

निवृत्तीबुवा : केली. तिनं इचारलं, बुवा, नाद काऊन गेला? त्याचं उत्तर माह्यापाशी नाही. उत्तर नाही तिथं आज्ञा चालत नाही.

डॉक्टर : मग उत्तर शोधू. राग मानू नका. मी या गोष्टी मानत नाही, पण एखादी गोष्ट कार्तिकात होती आणि माघात नाही, तर तिला कारण असते एवढे मानतो. हा नाद म्हणजे नेमके काय?

निवृत्तीबुवा : दोन वस्तू आदळल्या का आवाज होते, तो आहत. काहीच आदळलं नाही तरी देहात जो चालू हाय, तो अनाहत. माह्या गुरूचे गुरू म्हनत, बारा वर्सं एका आसनावर बसावं, तवा त्याचं दार उघडते.

डॉक्टर : आणि तुमच्या मठात?

निवृत्तीबुवा : महिन्याच्या आत उघडलं.

डॉक्टर : बारा वर्षांचे काम महिन्यात.

निवृत्तीबुवा : बारा वर्सं आता कोनापाशी हायेत, साहेब? एकाची कोर्टात तारीख. एकाले खामगावले कापसाच्या जिनावर कामाले जा लागते. एकीचं लेकरू रडून राह्यलं. मी गादीवर बसलो तवा ह्या मठात चार म्हातारे व्हते अन् एक मांजर. मी म्हनलं, लोक मार्गापर्यंत येत नसतील तं मार्ग लोकाईच्या दारापर्यंत नेला पाह्यजे. आसनाची अट काढली, उपास काढले, दीक्षा काढली. दिवसाचं काम आटोपून या, हातपाय धुवा, समाधीवरचं तीर्थ घ्या, कानात अंगठे घाला, पनतीतलं तेल सरेपर्यंत बसा. झालं. आसपासच्या मठवाल्यांनी लय नावं ठेवली. म्हनाले, निवृत्तीबुवानं योगाची खानावळ काढली.

डॉक्टर : पण खानावळ चालली.

निवृत्तीबुवा : चालली. भादव्यात बसाले लागले, अन् दसऱ्याच्या आधी एका बाईले आयकू आलं. मंग दुसरीले. दिवाळीपर्यंत सगळा मठ. वडनेरहून मानसं आले. पार बीबीहून गाड्या जुपून आले.

डॉक्टर : आवाज कसा होता? सर्वांचा सारखा, की वेगवेगळा?

निवृत्तीबुवा : चिनचिन. रातकिडा बोलते तसा. नादाच्या दहा पायऱ्या सांगतल्या हायेत. पुढं घंटा हाय, शंख हाय, शेवटी मेघ. पन सगळे पहिल्या पायरीवरच राह्यले. एका पंजाबरावले तेवढे दहाच्या दहा आयकू आले.

डॉक्टर : हे पंजाबराव कोण? मोठे साधक?

निवृत्तीबुवा : मठाचा सैपाकी. पंगत बसाची येळ झाली का त्याले शंख आयकू येते. त्याचं सोडून द्या.

डॉक्टर : सोडले. बाकीच्यांना नादाबरोबर आणखी काही होत असे? शरीरात?

निवृत्तीबुवा : होये ना. उठताना भोवंड ये. काही जनाईले मळमळ. आमी समजलो, शक्ती चढून राह्यली, देहाले सोसत नाही.

डॉक्टर : आणि बाहेरचे ऐकू येण्यात काही फरक?

निवृत्तीबुवा : हळू बोललेलं आयकू येत नसे. मी म्हनलं, बाहेरचे कान मिटून राह्यले तवाच आतले उघडतीन. तुमी असे काऊन पाहून राह्यले, साहेब?

डॉक्टर : काही नाही. तो एक जण कोण होता, ज्याला ऐकू आले नाही?

निवृत्तीबुवा : मी.

डॉक्टर : तुम्ही?

निवृत्तीबुवा : अठराव्या वर्सी बसलो, साहेब. चाळीस वर्सं झाली. पहाटे बसतो, सांजेले बसतो. मांगं म्हातारपनी गुरूनं इचारलं, निवृत्ती, काही आयकू येते? मी म्हनलं, येईन. तुमाले हसू आलं तं हसा.

डॉक्टर : हसत नाही. या मंडळींत आणि तुमच्यात फरक शोधतो आहे. तुम्ही त्यांच्यापेक्षा अधिक काय करत होता?

निवृत्तीबुवा : अधिक बसत व्हतो.

डॉक्टर : आणि कमी काय करत होता? जे त्यांनी केले आणि तुम्ही केले नाही, असे काही?

निवृत्तीबुवा : असं काही नाही. तेच आसन, तेच अंगठे, तीच पनती. तीर्थ तेवढं मी घेत नसे.

डॉक्टर : गादीवरच्या माणसाने घ्यायचे नसते, असा नियम आहे?

निवृत्तीबुवा : नियम तं घ्याचाच हाय. पुरत नसे म्हनून घेत नसे.

डॉक्टर : बुवा, तीर्थ म्हणजे पाणी. तुमच्या विहिरीला बारमाही पाणी आहे. ते पुरत नाही म्हणजे काय? आत काय घालत होता?

निवृत्तीबुवा : काडेचिराईत. आमच्या समाधीचं तीर्थ मूळचंच कडू हाय.

डॉक्टर : काडेचिराईत तुमच्या बांधावर मिळते. तेही न पुरण्यासारखे नाही.

निवृत्तीबुवा : तुमी सावनात मले एक डबा देल्ला व्हता. ध्यानात हाय?

डॉक्टर : कोयनेलचा, म्हणजे क्विनीनच्या पुडीचा. गावात वाटायला दिला होता. मागच्या वर्षी या टापूत हिवतापाने इतकी माणसे गेली म्हणून मी तो नागपूरला अर्जावर अर्ज करून मागवला. तुम्ही घरोघर वाटलात ना?

निवृत्तीबुवा : घरोघर वाटला असता तं उकिरड्यावर गेला असता. पहिल्या दोन घरी गेलो. एकानं सांगतलं, सरकारी पूड हाय, ह्यानं बाईचं पोट पडते. दुसऱ्यानं घेतली, हात जोडले, अन् माह्यादेखत गाईले चारली. मंग मी इचार केला, पूड घेत नाहीत, पन तीर्थाले कोन नाही म्हनते? तीर्थ कडूच हाय. कडूत कडू गेलं तं कोनाले कळते?

डॉक्टर : म्हणून तीर्थात कालवले. किती?

निवृत्तीबुवा : मापबीप मले काय ठाव. हाताच्या अंदाजानं. कोनाले ताप भरला नाही पाह्यजे एवढं पाह्यलं.

डॉक्टर : रोज?

निवृत्तीबुवा : रोज. संक्रांतीले डबा खरडून झाला. थंडी पडली व्हती, तापाचे दिवस सरले व्हते, म्हनून दुसरा मांगतला नाही.

डॉक्टर : आणि नाद?

निवृत्तीबुवा : संक्रांतीनंतर... साहेब, तुमाले काय म्हनाचं हाय?

डॉक्टर : कोयनेल फार पोटात गेले की कान वाजतात. चिणचिण होते, रातकिड्यासारखी. भोवळ येते, मळमळते, हळू आवाज ऐकू येत नाही. औषध थांबले की काही दिवसांत हे सारे थांबते. हे पुस्तकातले सांगत नाही. मी मेळघाटात होतो तेव्हा रोज घेत असे. सबंध पावसाळा माझ्या कानांत रातकिडे होते.

निवृत्तीबुवा : तुमाले बी आयकू ये?

डॉक्टर : येत असे.

निवृत्तीबुवा : तुमी तं मानतबी नाही.

डॉक्टर : नाही. जप करत नव्हतो. त्या जागेला शिव्या देत होतो. तरी वाजत होते.

निवृत्तीबुवा : अन् पंजाबराव? त्याले तीर्थ न पिता दहा नाद?

डॉक्टर : पीत नव्हता?

निवृत्तीबुवा : माह्यादेखत वाटी तोंडाले लावे, अन् मांगं जाऊन तुळशीत वते. कडू सोसत नसे त्याले. तुळस बिचारी वाळून गेली.

डॉक्टर : मग त्याला चिणचिण येत नव्हती. शंख येत होता. ते पोटाचे कारण, कानाचे नव्हे.

निवृत्तीबुवा : हाव. मले आधी कळाले पाह्यजे व्हतं. खोटा तो एकटाच निघाला, अन् माहे सगळे खरे आयकनारे औषधाचे निघाले.

डॉक्टर : बुवा, एक गोष्ट मीही सांगितली पाहिजे. या हंगामात तुमच्या मठात बसणाऱ्यांपैकी एकही माणूस तापाने दगावला नाही. दवाखान्यात बसून मी ते पाहत होतो, आणि मला त्याचा उलगडा होत नव्हता. तो आज झाला. तुम्ही जे केलेत ते मला तीन वर्षांत साधले नव्हते.

निवृत्तीबुवा : ते ठीक झालं. ते मी त्याचसाठी केलं व्हतं. पन साहेब, कार्तिकी पौर्णिमेले ही मनकर्णा समाधीसमोर बसली व्हती. दिवा इझला तरी उठली नाही. चेहऱ्यावर असं काही, का मी माह्या गुरूच्याबी चेहऱ्यावर पाह्यलं नाही. मी उठलो, अन् तिच्या पाया पडलो. गादीवरचा मानूस, एका कास्तकाराच्या बायकोच्या. मले वाटलं, मी बाहेर उभा राह्यलो तरी चालंन. माह्या हातानं दार तं उघडलं.

डॉक्टर : तिला इतरांपेक्षा जास्त ऐकू येत होते?

निवृत्तीबुवा : सगळ्यात जास्त. तिच्या वाटीत मी हात मोकळा सोडत व्हतो.

डॉक्टर : का?

निवृत्तीबुवा : ते ऱ्हाऊ द्या. आता तिले काय सांगाचं? तुमी सांगता का मी सांगू? मले वाटते, हे काहीच सांगू नोय. तिले म्हनावं, तुहं पाप फिटलं, आता जेव, नाद पुढच्या आश्विनात परत येईन. ती जेवंन.

डॉक्टर : आणि आश्विनात?

निवृत्तीबुवा : आश्विनात तुमचा डबा येईनच.

डॉक्टर : मी तापासाठी औषध देईन. असल्या गोष्टीसाठी देणार नाही. आणि पाप फिटले म्हणायचे म्हणजे पाप होते असे म्हणायचे. ते माझ्याने होणार नाही.

निवृत्तीबुवा : तं मरू द्याचं का तिले, खऱ्यापायी?

(आतल्या खोलीच्या दाराशी मनकर्णाबाई, कुडाला धरून उभी आहे.)

मनकर्णाबाई : मी झोपली नाही, बुवा. डोये मिटले व्हते. कूड तं हाय मधात, सगयं आयकू आलं. आता कान साफ हायेत ना माहे.

निवृत्तीबुवा : बस, माय. खाली बस आधी.

मनकर्णाबाई : तं ती नव्हती?

डॉक्टर : कोण?

मनकर्णाबाई : कोकी.

निवृत्तीबुवा : तिची पोरगी, साहेब. कोकिळा. सहा वर्सांची व्हती. मांगच्या साली आश्विनात तापानं गेली.

डॉक्टर : मला माहीत नव्हते.

मनकर्णाबाई : हेबी कोनाले माईत नाही. सगये म्हनत नाद, मीबी म्हने नाद. पन मले रातकिडा नाही आयकू ये, डाक्टरसाहेब. मले तिच्या पायातले घुंगरवाये आयकू येत. चुलीपासून दारापर्यंत, दारापासून चुलीपर्यंत. एका जागी बसेच नाही कव्हा. मी वरडे, बस व माय एका जागी, भाकर जयते माही. तसंच ये आयकू. मी कानात अंगठे घातले का ती निंघे चुलीपासून.

निवृत्तीबुवा : मले सांगतलं नाही तू.

मनकर्णाबाई : तुमी पाया पडले माह्या. मंग कसं सांगू? तुमचा देव तो, अन् मले पोट्टी आयकू येते. मले वाटलं, हेच पाप. देवाच्या जागी मी लेकरू आयकलं, म्हनून नेलं त्यानं परत. आता मी म्हनलं, देवा, तू ये, ती नाही आली तरी चालंन. खोटंच म्हनलं. तवाबी नाही आलं काही.

डॉक्टर : मनकर्णाबाई, कानातला आवाज सर्वांचा एकच होता. तुम्हाला त्यात घुंगरू ऐकू आले, यात गुन्हा नाही.

मनकर्णाबाई : तं मले ती पूड द्या.

डॉक्टर : नाही.

मनकर्णाबाई : थोडीशी द्या. चिमटीभर. ती दारापर्यंत जाईन एवढी.

डॉक्टर : नाही. जास्त पोटात गेली तर कान कायमचे जातात. डोळेही जातात.

मनकर्णाबाई : जाऊ द्या ना. बाहेरचं काय आयकाचं हाय मले?

डॉक्टर : मी देणार नाही, बाई. पुढच्या भाद्रपदात तापासाठी देईन, मापाने, इतरांना देईन तेवढीच. त्यानेही कान थोडे वाजतील, कदाचित वाजणार नाहीत. वाजले तर ते औषध असेल. हे ध्यानात ठेवून घ्यायची.

मनकर्णाबाई : ही पूड मांगच्या साली असती तं?

निवृत्तीबुवा : साहेब, ऱ्हाऊ द्या.

डॉक्टर : तिने विचारले आहे, बुवा. असती, आणि वेळेवर पोटात गेली असती, तर ती बहुधा वाचली असती.

मनकर्णाबाई : बहुधा.

डॉक्टर : बहुधा. याहून जास्त मला म्हणता येत नाही.

मनकर्णाबाई : तं मले तिचं चालनं खरंच आयकू आलं असतं. अन् मी वरडली असती, बस म्हनून.

निवृत्तीबुवा : मनकर्णा.

मनकर्णाबाई : बुवा, तुमी काऊन नाही पेले ते तीर्थ?

निवृत्तीबुवा : डबा पुरला नसता, माय. लोक रोज वाढत व्हते.

मनकर्णाबाई : अन् माह्या वाटीत जास्त घालत?

निवृत्तीबुवा : हाव.

मनकर्णाबाई : काऊन?

निवृत्तीबुवा : तुह्या घरातून एक गेलं व्हतं. दुसरं जाऊ नोय म्हनून.

मनकर्णाबाई : म्हंजे तुमच्या वाटीतलं मी पेली.

निवृत्तीबुवा : असं नाही मोजलं मी.

मनकर्णाबाई : अन् तुमाले काहीच नाही आयकू आलं. कव्हाच?

निवृत्तीबुवा : कव्हाच नाही.

मनकर्णाबाई : तुमीबी जेवले नाही ना मी आल्यापासून? पंजाबराव मंगाशी सांगत व्हता दारातून. म्हने, तुह्यापायी बुवा उपाशी हायेत, अन् दोघाईपायी मले एकट्याले जेवा लागते, बरं नाही दिसत.

निवृत्तीबुवा : त्याचं आयकू नोको.

मनकर्णाबाई : त्याले सांगा जवारीच्या कन्या शिजवाले. पातय. दोघाईच्या.

डॉक्टर : आधी थोडे पाणी घ्या. मीठ-गूळ घालून. मग कण्या, एकदम पोटभर नको.

मनकर्णाबाई : घेतो. पन आधी एक डाव मले नीट सांगा, डाक्टरसाहेब. बुवाले सांगतलं तसं नाही. मले समजंन असं. पापाचं मनात ठेवून मले घास नाही गियता येत. माही कोकी काऊन गेली, अन् तो आवाज काऊन गेला?

डॉक्टर : कोकिळाला हिवताप झाला होता, आणि तेव्हा गावात कोयनेल नव्हते. तुम्हाला ऐकू येत होते ते कोयनेलमुळे, आणि ते संपले म्हणून थांबले. दुसरे कारण नाही.